वाट दिली

डबी बसवणारा माणूस ऐन जेवणाच्या वेळी आला. पाहुणा म्हणून आला असता तर सरळ पान वाढलं असतं. पण तो रस्ते कार्यालयाचा कागद पुढे धरून आला, त्यामुळे त्याला आधी जेवा म्हणावं की आधी सही कुठं करू ते विचारावं, हे घरात कुणाला ठरवता येईना. थोरल्या सुनेनं, म्हणजे थोरलीनं, दोन्ही एकदमच विचारलं. त्यानं सही आधी घेतली, मग हात धुतले आणि दोनदा वाढून घेतलं.

डबी साबणाच्या वडीएवढी, काळी. ती त्यानं ट्रकात स्टिअरिंगच्या मागे बसवली आणि एक वायर खाली चाकांवरच्या कमानपाट्यांपर्यंत नेली, वजन कळावं म्हणून.

"ही वर बोलते," तो आकाशाकडे बोट करून म्हणाला. "गाडी कुठं आहे, किती वेगात आहे, माल किती भरलाय, ठरलेला रस्ता सोडला का, सगळं उपग्रहावरून कार्यालयात दिसतं."

"म्हणजे चहाडी करते," थोरली म्हणाली.

"नोंद करते."

"तेच की. माझी नणंदसुद्धा नोंदच करायची."

त्या दिवसापासून डबीचं नाव चहाडी पडलं. तिचा थोरलीला राग नव्हता. मागच्या हंगामात कुणीतरी बेसुमार भरलेला ट्रक दामटला आणि मोठ्या पुलाच्या खांबाला तडा गेला. तेव्हापासून जड गाड्यांना पूल बंद होता. यंदा तो उघडला, पण अटीवर. चहाडी बसवायची, माल दहा टनांच्या आत, पुलावर वेग वीस, आणि घरापासून शीतगृहापर्यंत नकाशावर जी रेषा आखून दिली आहे तिच्यावरूनच जायचं. अट मोडली की एक शेरा. पाच शेरे झाले की हंगामभर त्या गाडीसाठी पुलावरची दांडी उचलली जाणार नाही.

आणि हंगाम म्हणजे चाळीस दिवस. वस्तीतला सगळा बटाटा या एका ट्रकानं पुलापलीकडच्या शीतगृहात जायचा. डोंगराला वळसा घालणारा दुसरा रस्ता होता, पण त्याला अख्खा दिवस लागे, आणि तेवढ्या उन्हात पोत्यातला बटाटा घाम गाळायला लागे. वळशानं नेलेला माल शीतगृहवाला हातात घेऊन दाबून बघायचा, आणि त्याचं ते दाबणं थोरलीला आपलाच गळा दाबल्यासारखं वाटायचं.

ट्रक आधी थोरला चालवायचा, म्हणजे तिचा नवरा. दोन वर्षांपूर्वी पोतं उचलताना त्याची पाठ गेली. गेली म्हणजे होती तिथंच आहे, पण कामाची राहिली नाही. थोरलीनं माहेरी ट्रॅक्टर हाकला होता. महिनाभर नवऱ्याला शेजारी बसवून तिनं ट्रक हातात घेतला. बायकांनी तोंडाला पदर लावला, पुरुषांनी सल्ले दिले, आणि दोघांचाही बटाटा तिच्याच ट्रकातून गेला. सासरे, म्हणजे आबा, यावर चांगलं बोलले नाहीत की वाईट. घरातली जमीन त्यांनी मुलांच्या नावावर करून दिलेली. स्वतःच्या नावावर फक्त रस्त्याकडची एक पट्टी ठेवलेली. तिच्याकडे ते दिवसातून दोनदा जाऊन नुसतं बघून यायचे, जसं काही माणसं कुलूप लावल्यावर ओढून बघतात.

पहिल्या खेपेला थोरलीनं सगळं नियमानं केलं. वजन नऊ टन आठशे. वेग जपून. वाटेत चहालासुद्धा थांबली नाही. परत येऊन ट्रक अंगणात लावते न लावते तोच फोन वाजला. संदेश होता: मार्ग सोडला. एक शेरा.

"कुठं सोडला?" तिनं नवऱ्याला फोन दाखवला.

थोरला खाटेवर आडवा होता. त्यानं दोनदा वाचलं. "चहाला थांबलीस?"

"तोंडात पाण्याचा घोट नाही."

"मग नवी आहे, चुकली असेल."

"नवी सून चुकते. चहाडी कशी चुकेल?"

दुसऱ्या दिवशी दोन खेपा झाल्या आणि दोन शेरे आले. पुलाजवळचा दांडीवाला तिला ओळखायचा. तिसऱ्या दिवशी त्यानं दांडी उचलता उचलता खिडकीशी येऊन सांगितलं, "ताई, तुमचे तीन झाले. त्या निळ्या ट्रकवाल्याचे दोन झाले, पण तो दारू पितो. तुमचं काय?"

ते ऐकून थोरलीला शेऱ्यापेक्षा जास्त लागलं. ती माल उतरवून परत आली, दुसऱ्या दिवसाची पोती भरून होतात तोच चौथा शेरा आला, आणि तिनं चावी काढून घेतली. सकाळसाठी भरलेली पोती ट्रकातच राहिली. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं ती रस्ते कार्यालयात गेली.

कार्यालयात पडद्यासमोर एक मॅडम बसल्या होत्या. त्यांनी ट्रकाचा नंबर घातला. पडद्यावर निळी रेषा आली, ती सरकारची. तिच्यावर लाल ठिपके आले, ते थोरलीचे. पूल, चौक, शीतगृह, सगळीकडे लाल ठिपके निळ्या रेषेवर माळेसारखे ओवलेले. फक्त घराजवळ, ओढ्याच्या बाजूला, दोनशे पावलांचा एक तुकडा असा होता की निळी रेषा एकीकडून चाललेली आणि लाल ठिपके चाळीस पावलं बाजूनं.

मॅडमनी चष्मा वर केला. "तुम्ही इथं शेतातून ट्रक घालता?"

"शेतातून कशाला घालीन? तोच रस्ता आहे."

"रस्ता हा आहे." मॅडमनी निळ्या रेषेवर पेन टेकवला.

थोरलीनं वाकून पाहिलं. पेनाच्या टोकाखाली काय आहे ते तिच्या ध्यानात आलं, आणि तिला एकाच वेळी हसू आलं आणि घामही फुटला.

"मॅडम, तिथं अठरा वर्षांमागं रस्ता होता. ओढ्याला पूर आला, अर्धा वाहून गेला."

"मग आता तुम्ही जाता तो कुठला?"

"आमचा."

"आमचा म्हणजे?"

"सासऱ्यांच्या शेतातला."

"तेच मी विचारलं," मॅडम म्हणाल्या. "शेतातून ट्रक घालता का?"

मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी सांगितलं, नकाशातली रेषा हलवता येते, पण जमीन ज्याची त्याची सही लागते. "नाहीतर आम्ही उद्या कुणाच्याही शेतातून रस्ता आखू. उद्या मोजणीवाले साहेब येतील तुमच्याकडे. तोवर गाडी हलवू नका. पाचवा शेरा पडला की माझ्याही हातात काही नाही."

अठरा वर्षांपूर्वी काय झालं ते वस्तीत सगळ्यांना पाठ होतं, पण प्रत्येकाचं पाठांतर वेगळं. एवढं नक्की की पुरानं ओढ्याकाठचा रस्ता खाल्ला, वस्ती तीन दिवस अडकली, आणि चौथ्या दिवशी आबांनी स्वतःच्या हातानं कुंपण तोडून, उभा मका आठ हात रुंद उपटून, जमलेल्या माणसांना सांगितलं, "जा. वाट दिली."

या दोन शब्दांवर माणसांनी गाड्या नेल्या, मग खडी टाकली, मग डांबर ओतलं. कार्यालयाला कुणी कळवलं नाही. आपल्या आपल्यात झालेली गोष्ट, ती कुणाला कळवायची? आणि जुन्या रस्त्याचा जो अर्धा काठ शिल्लक होता, तो होता लिंबूवाल्याच्या शेताला लागून. लिंबूवाल्यानं पुढच्याच वर्षी त्यावर अकरा झाडं लावली. रिकामी जागा बघवत नाही, म्हणाला. तेव्हापासून आबा आणि तो यांचं बिनसलं. मी वाट दिली आणि यानं जागा घेतली, हे आबांचं म्हणणं. तेव्हापासून भांडण कसलंही असो, कोंबड्यांचं असो की पाण्याच्या पाळीचं, आबा शेवटी एकच वाक्य म्हणायचे: "मी वाट दिली म्हणजे जाऊ दिलं. जमीन नाही दिली. मनात आणलं तर उद्या बंद करीन."

अठरा वर्षांत तो उद्या उजाडला नव्हता.

थोरली घरी पोचते तर लिंबूवाला ओट्यावर बसलेला. शेजारी पिशवी, पिशवीत लिंबं. बातमी त्याच्याकडे बसच्या आधी पोचली होती.

"सूनबाई, सरबताला आणलीत."

"काका, एवढ्या लिंबांचं सरबत करायला विहीर लागेल."

लिंबूवाला हसला, पण हसणं पुरतं झालं नाही. "जुन्या रस्त्याची काही चौकशी निघाली म्हणे?"

"निघाली."

"म्हणजे माझी झाडं सरकारी रस्त्यात."

"मधोमध."

त्यानं पिशवीतलं एक लिंबू काढलं आणि ते उगाच चोळत बसला. "पोरीच्या हातानं लावलीयत. ती सासरी गेली, झाडं राहिली. तू काही बोलू नकोस ना. वळशानं ने की माल."

"वळशानं नेला तर बटाट्याचा भाजीऐवजी चिखल होतो, काका. मी खोटं बोलणार नाही, आणि माझ्या तोंडून झाडांचा विषयही निघणार नाही. पण साहेबाला डोळे असतील ना?"

आतून आबा खाकरले. त्यांनी ऐकलं होतं. लिंबूवाल्यानं पिशवी तिथंच ठेवली आणि तो चप्पल शोधू लागला.

मोजणीवाले साहेब दुसऱ्या दिवशी आले ते हातात मोबाइलएवढं यंत्र घेऊन. यंत्रात तीच निळी रेषा होती. साहेब रेषेवर निघाले, मागं थोरली, तिच्या मागं लिंबूवाला, आणि बरंच मागं आबा, जणू त्यांचं तिकडे वेगळंच काम आहे. थोरला ओट्यावरून पाठ भिंतीला टेकवून बघत होता.

साहेब यंत्राकडे बघत चालत राहिले आणि सरळ लिंबाच्या झाडात शिरले.

"इथं रस्ता आहे," झाडातून आवाज आला.

"साहेब," लिंबूवाला नम्रपणे म्हणाला, "रस्त्यात काटे लागतात का?"

साहेब बाहेर आले तेव्हा बाहीला चिरा आणि कानामागे पान. ते दुसऱ्या झाडाला वळसा घालून पुढं गेले. आठ पावलांवर काठ संपला आणि खाली दोन पुरुष खोल ओढा दिसला. साहेबांनी यंत्राकडे पाहिलं, ओढ्याकडे पाहिलं, पुन्हा यंत्राकडे पाहिलं.

"रेषा पुढं जाते," ते म्हणाले.

"रेषेला जाऊ द्या," थोरली म्हणाली. "तुम्ही थांबा."

त्यावर साहेब हसले, आणि तिथून पुढं ते माणसासारखे बोलले. बांधावर बसून त्यांनी सांगितलं: दोन मार्ग आहेत. एक, झाडं तोडून, काठाला भिंत बांधून जुना रस्ता पुन्हा करायचा. त्याला किती वर्षं लागतील ते त्यांनी सांगितलं नाही. फक्त दोन्ही हात पसरून दाखवले. दुसरा, अदलाबदल. आबांनी रस्त्याखालची ती पट्टी रस्त्याला लिहून द्यायची, जुन्या रस्त्याचा उरलेला काठ आबांच्या नावावर होईल, कार्यालय रेषा हलवेल, गाडी मोकळी. "परवा मी मुख्य कार्यालयात जातोय. परवा सकाळपर्यंत सही झाली तर संध्याकाळपर्यंत रेषा हलते. नाही झाली तर यंदाची परवानगी गेली असं समजा."

सगळ्यांनी आबांकडे पाहिलं. एवढी माणसं आपल्याकडे बघताहेत हे आबांना बऱ्याच वर्षांनी अनुभवायला मिळत होतं. त्यांनी घाई केली नाही. टोपी काढली, झटकली, घातली.

"मी वाट दिली म्हणजे जाऊ दिलं," ते म्हणाले. "जमीन नाही दिली."

आणि घराकडे निघाले.

थोरला बायकोला म्हणाला, "त्यांना काही बोलू नकोस. आबांकडे आता बंद करण्यासारखं दुसरं काय उरलंय?"

"मी बोलतच नाही," थोरली म्हणाली.

ट्रकावर चढून तिनं पोत्यात हात घातला. मधली पोती कोमट झाली होती. तिनं ताडपत्री एका अंगानं उचलून बांधली, वारा लागावा म्हणून, आणि वरची वीस पोती एकटीनं कडेला सरकवली. थोरला खाली उभा राहून दोरी धरत होता. याहून जास्त त्याला धरता येत नव्हतं, आणि ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

सकाळी आबा उठून तोंड धुतात तो समोर सून उभी. एका हातात पहार, दुसऱ्यात फावडं.

"हे काय?"

"आबा, वाट बंद करून टाका."

आबांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. चेष्टेचा मागमूस नव्हता.

"नाहीतरी चालूचा मला उपयोग नाही," ती म्हणाली. "ट्रक उभाच आहे. वाट तुमची आहे, तर तुमची तुमच्याकडं घ्या. दोन खांब, एक आडवं लाकूड. लाकूड मी काढून ठेवलंय."

"मी काय तुला घाबरतो?"

"तुम्ही कुणालाच घाबरत नाही. म्हणून तर म्हणतेय."

आबांनी पहार ओढून घेतली. वय झालं होतं, पण पहार धरायची रीत हातात तशीच होती. खांद्यावर टाकली तर ती तिथं बसूनच राहिली. रस्त्याच्या मधोमध जाऊन त्यांनी पहिला घाव घातला. डांबर कडक. तीन घावांत खपली निघाली, दहा घावांत वीतभर खड्डा. थोरली बांधावर बसून बटाटे निवडत बसली. जे मऊ पडले ते एका टोपलीत.

दुधाच्या किटल्या लावलेली मोटारसायकल आली. दूधवाल्यानं पाय टेकले.

"आबा, काय चाललंय?"

"वाट बंद करतोय."

"बरं. पण माझं दूध नासेल."

"तू जा की. तुला कोण अडवतंय?" आबा बाजूला झाले. दूधवाला गेला.

मग शाळेतल्या बाई स्कूटरवरून आल्या. त्यांनी विचारलंसुद्धा नाही. नुसता हॉर्न दिला, आणि आबा सवयीनं बाजूला सरले. मग बकऱ्या आल्या. बकऱ्यांना वाट बंद आहे हे कोण सांगणार? त्यांतली एक खड्ड्यात उतरून आत काय आहे ते बघून आली. मग एक म्हातारी डोक्यावर भारा घेऊन आली आणि म्हणाली, "बरं झालं खणायला घेतलंस, इथं पाणी साचायचं," आणि आशीर्वाद देऊन गेली.

आबांनी सदरा काढून बांधावर ठेवला. खड्डा गुडघ्याएवढा झाला. पाठीवरून घामाचे ओघळ निघाले, आणि हाताला फोड आला तो फुटला. थोरलीनं पाण्याचा तांब्या जवळ नेऊन ठेवला आणि पुन्हा जागेवर जाऊन बसली.

तेवढ्यात पाण्याचा टँकर आला. वस्तीची विहीर त्या आठवड्यात गढूळ होती. टँकरच्या मागं दोन बायका हंडे घेऊन चालतच येत होत्या. टँकरवाला खाली उतरला, त्यानं खड्डा पाहिला, आबांना पाहिलं, आणि डोकं खाजवलं.

"आबा, एवढा नेऊ का? मग करा बंद."

आबांनी खड्ड्याकडे पाहिलं. मग फावडं घेतलं आणि काढलेली माती परत आत लोटायला लागले. टँकरवाला मदतीला वाकला तर त्याला म्हणाले, "हो बाजूला. माझी वाट आहे." खड्डा भरून, वर पाय देऊन चोपून, ते कडेला उभे राहिले आणि दोन्ही हातांनी खुणा करून त्यांनी टँकर पार करून दिला. "हां, डावीकडं घे... डावीकडं, लेका, मका नाही आता तिथं... हां, ये, ये."

टँकर गेला. आबा बराच वेळ ताज्या मातीवरच्या चाकांच्या खुणा बघत उभे राहिले. मग पहार टेकवून पुन्हा पहिल्यापासून खणायला लागले. अर्धा हात खणून झालं असेल नसेल, तेवढ्यात तोच टँकर रिकामा होऊन परत आला.

"अरे, तू परत जातोस होय?" आबा म्हणाले.

"मग तिथंच राहू काय?"

आबांनी पुन्हा माती लोटली. टँकर पार केला. मग पहार आडवी टाकून तिच्यावरच बसले. धाप लागली होती. थोरली जवळ आली आणि तिनं तांब्या पुढं केला. त्यांनी अर्धा प्यायले, अर्धा डोक्यावर ओतला.

"अवघड काम आहे," ते म्हणाले.

"खणायचं?"

"बंद ठेवायचं. दिवसभर उभं राहावं लागेल." आबांनी तळहात उलटा करून फुटलेला फोड पाहिला. "बोलाव तुझ्या त्या काटेवाल्या साहेबाला. सही करतो. पण काठ माझ्या नावावर झाला पाहिजे, अकरा झाडांसकट. फुकट काही सोडणार नाही."

साहेब दुपारीच आले. कागदावर एक ओळ रिकामी होती: जमीन कोणत्या स्वरूपात दिली. साहेबांनी पेन थांबवला. आबा म्हणाले, "लिहा. वाट दिली. अन् पुढं कंसात लिहा, जमिनीसकट." कंसाची गरज नाही असं साहेबांनी सांगून पाहिलं. आबांनी पेनच काढून घेतलं, तेव्हा साहेबांनी कंस घातला.

सही वाळायच्या आत आबा लिंबूवाल्याकडे वळले. अठरा वर्षांत ते त्याच्याशी सरळ तोंडानं बोलले नव्हते. आताही तोंड सरळ नव्हतं, पण डोळ्यांत चमक होती. "झाडं आता माझ्या जमिनीत आहेत. मनात आणलं तर उद्या तोडीन."

थोरलीला वाटलं, काका आता रडतील. पण लिंबूवाल्याचा चेहरा उलट खुलला. त्यानं मोठा श्वास सोडला.

"उद्या ना? मग शंभर वर्षं चिंता नाही," तो साहेबांना म्हणाला. "यांचा उद्या मला ठाऊक आहे."

"हसतोस काय? आत्ता जाऊन बघून येतो माझी जागा." आबा तावातावानं ओढ्याकडे निघाले आणि लिंबूवाल्याच्या बांधापाशी थबकले. काठ त्यांचा झाला होता खरा. पण रस्त्यावरून काठाकडे जायचं तर मध्ये लिंबूवाल्याचं शेत. एका बाजूला ओढा, उरलेल्या तिन्ही बाजूंना लिंबूवाला.

हे साहेबांच्या ध्यानात आलं नव्हतं. यंत्रात दिसलं नव्हतं. लिंबूवाल्याच्या मात्र सही व्हायच्या आधीच ध्यानात आलं असावं, कारण तो तयारीनं पुढं झाला, बांधावरचं काटेरी फाटक उचलून धरलं आणि वाकून म्हणाला, "या आबा. वाट दिली. म्हणजे जाऊ दिलं बरं का. जमीन नाही दिली."

साहेबांनी खोकला काढला. थोरल्यानं ओट्यावर पाठ धरली, कारण हसताना दुखायची. आबा लाल झाले, दोन्ही ओठ एकमेकांवर दाबून धरले, आणि मग मान खाली घालून फाटकातून आत गेले. आत गेल्यावर म्हणाले, "फाटकाला तेल नाही घालत का कधी?" भांडण नवीन होतं, दोघांनाही पुरून उरेल असं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन वाजला. मार्ग बदलला. शेरे चार. खाली मॅडमचा वेगळा संदेश होता: शेरे पुसता येत नाहीत, जपून चालवा.

सकाळी थोरलीनं मऊ पडलेले दोन पोत्यांचे बटाटे उतरवून घेतले, बाकीची पोती दोरीनं आवळली, वजनाचा आकडा बघितला आणि ट्रक काढला. थोरला पाठीला उशी लावून शेजारी बसला. नको म्हटलं तरी बसला. आबांनी भरलेल्या मातीच्या ठिगळावरून चाकं गेली. दोघंही फोनकडे बघत होते. फोन गप्प राहिला. चौक गेला, उतार गेला. फोन गप्प.

पुलाजवळ दांडीवाल्यानं खिडकीतून आत डोकावून आकडे पाहिले, मान हलवली आणि दांडी उचलली. मागं गाड्यांची रांग होती. सगळ्यात पुढं तो निळा ट्रक, त्याच्या मागं दोन टेम्पो, एक मोटार.

पुलावर येताच थोरलीनं वेग कमी केला. काटा वीसवर आणून ठेवला. निळ्या ट्रकवाल्यानं हॉर्न दिला. मग टेम्पोवाल्यांनी दिला. मोटारवाला तर हॉर्नवर हात ठेवून विसरलाच.

थोरल्याचे पाय जुन्या सवयीनं हलले. "अगं, थोडं दाब की. लोक ओरडताहेत."

"अहो, वीस म्हणजे वीस."

"बावीस केलं तर काय होतं?"

"पाच."

तिनं आरशात पाहिलं. निळ्या ट्रकवाला खिडकीतून हात काढून काहीतरी म्हणत होता, बहुधा तिच्या माहेराबद्दल. खाली नदीचं पाणी संथ चाललं होतं, वाऱ्यानं ताडपत्री फडफडत होती, आणि पोत्यांतून मातीचा थंड वास येत होता. थोरली सीटवर नीट टेकून बसली. पूल चांगला तीनशे पावलं लांब होता, आणि एवढ्या खटपटीनं मिळालेला तो पूल ती या टोकापासून त्या टोकापर्यंत, हातभरही न सोडता, सावकाश वापरणार होती.